दादा कोणाला म्हणतोस?

सोफे दुरुस्त करण्याच्या त्या दुकानात दोघे भाऊ काम करायचे, म्हणून गिऱ्हाइकं एकाला थोरला आणि दुसऱ्याला धाकटा म्हणत. थोरला लाकूड आणि स्प्रिंगा बघायचा, धाकटा कापड बेतून शिवायचा. संध्याकाळी शटर अर्धं ओढलं की दोघं फोमच्या गठ्ठ्यांना टेकून बाटली उघडत. धाकट्याला आयुष्यातला पहिला पेला थोरल्यानेच भरून दिला होता, आणि हे तो चारचौघांत कौतुकाने सांगायचा.

एके दिवशी धाकटा म्हणाला, "दादा, मला आज नको."

पोट बिघडलं असेल, असं थोरल्याला वाटलं. पण दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मग कळलं की दारू सोडू पाहणाऱ्यांची दवाखान्यामागच्या हॉलमध्ये मीटिंग भरते आणि हा पठ्ठ्या तिथे जातो.

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर जाऊ दिलं असतंस?"

त्या संध्याकाळी दोघांच्या वाट्याची थोरल्याने एकट्याने संपवली.

दोघं एकाच घरात राहत. धाकट्याचं लग्न व्हायचं होतं. थोरल्याची बायको आता ताट वाढताना म्हणायची, "भावजींचा चेहरा कसा उजळलाय, नाही?" थोरला ताट अर्धंच सोडून उठायचा. गिऱ्हाइकंही धाकट्याला शोधत यायची, कारण तो सांगितलेल्या दिवशी काम द्यायला लागला होता. भाऊ घसरावा, निदान एकदा तरी घसरावा, अशी थोरला वाट बघत राहिला. शेवटी त्याने धाकट्याची आवडती बाटली आणून शिलाई मशीनशेजारी ठेवली आणि कामाचं निमित्त काढून बाहेर गेला. परत आला तर बाटली मोरीत रिकामी झालेली आणि धाकटा मान खाली घालून शिवण घालतोय. चकार शब्द बोलला नाही. बोलला असता तर भांडता तरी आलं असतं.

खरा घाव बसला तो स्वतःच्या पोरीकडून. शाळेत पालकांना बोलावलं होतं. थोरला इस्त्रीचा शर्ट घालून तयार झाला, तर ती दारात अडून म्हणाली, "बाबा, तुम्ही नका येऊ. काका येतायत."

"का गं?"

"काकांच्या तोंडाला वास येत नाही."

थोरल्याने शर्ट काढून खुंटीला टांगला आणि ठरवलं, आपणही सोडायची. पण भावाच्या टोळीत जाऊन नाही. त्याच्या मागून रांगेत उभं राहणं जमणार नव्हतं. औषधांच्या दुकानात त्याने हळूच चौकशी केली. दुकानदाराने वाचनालयाचा पत्ता दिला, "वरच्या मजल्यावर एक मीटिंग भरते म्हणतात."

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर खरंच माणसं जमली होती, सगळ्यांचे चेहरे गंभीर. थोरला मागच्या खुर्चीत बसला. चष्मेवाल्या बाईंनी विचारलं, "तुमची काय तक्रार?"

तो उठून उभा राहिला. "मी रोज पितो. सकाळी हात थरथरतात. मुलगी जवळ येत नाही."

सगळ्यांनी माना वळवून त्याच्याकडे पाहिलं. मग बाई हळूच म्हणाल्या, "अहो, आम्ही सोसायटीवाले आहोत. पाण्याच्या टाकीच्या गळतीवर बोलतोय. ते लोक इथून कधीच हलले. आता दवाखान्यामागच्या हॉलमध्ये भरतं त्यांचं." शेजारच्या गृहस्थांनी कणवेने त्याच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला.

दवाखान्यामागचा हॉल म्हणजे धाकट्याचाच. थोरला चरफडत घरी निघाला, आणि पाय तिकडेच वळले. आत जायचं नाही, नुसतं बघायचं, असं म्हणत तो खिडकीशी थांबला. आत धाकटा खुर्च्या मांडत होता. एवढा मोकळा हसताना थोरल्याने त्याला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. शेजारी बाजारातला म्हातारा घड्याळजी होता. धाकट्याने त्याच्या हातात चहा दिला आणि म्हणाला, "घ्या दादा."

थोरल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दार ढकलून तो आत शिरला.

"दादा कोणाला म्हणतोस रे?"

धाकट्याचा चेहरा पडला. घड्याळजी मात्र शांतपणे म्हणाला, "बसा. ज्याला बोलायचंय तो इथे बोलतो."

"मी दारू सोडायला आलेलो नाही," थोरला सगळ्यांसमोर म्हणाला. "हा माझा भाऊ आहे. प्यायला मी शिकवलं, आणि सोडायला हा तुमच्याकडे आला. माझ्याकडे का नाही आला?"

कोणीतरी हसलं, पण त्यात चेष्टा नव्हती. धाकटा खाली बघत म्हणाला, "तुझ्याकडे आलो असतो तर तू पेला भरला असतास."

थोरला धप्पकन खुर्चीत बसला. मीटिंग संपेपर्यंत उठला नाही.

लगेच सुटली म्हणावं तर तसंही नाही. दोनदा तो घसरला, एकदा तर दुकानातच फोमवर आडवा सापडला. भावाच्या मीटिंगला बसलं की आपलं सगळं लक्ष त्याच्याकडेच राहतं, म्हणून तो वेगळ्या वारी जायला लागला. घसा कोरडा पडला की फोन घड्याळजीला करायचा, तोही चिडूनच.

"तुम्ही माझा भाऊ पळवलात."

"मग आता तुम्हालाही पळवतो," म्हातारा म्हणायचा. "इकडे या, चहा टाकतो."

पुढे दारू सुटली, मत्सर सुटला नाही. गिऱ्हाइकाने धाकट्याच्या शिवणीची तारीफ केली की थोरल्याचे ओठ अजून आवळले जातात. एवढंच, की आता तो ते तिथल्या तिथे बोलून टाकतो. परवा एका बाईंनी धाकट्याचं तोंडभर कौतुक केलं. त्या गेल्यावर थोरला म्हणाला, "माझ्या पोटात दुखतंय, सांगून ठेवतो."

"दुखू दे," धाकटा म्हणाला, "पण तो पाय धर, सोफा उलटा करायचाय."

दोघांनी मिळून सोफा उलटा केला.