येसाजीच्या जीपचे ब्रेक

दासगावात काशीरामकडे कुणी दुरुस्तीची घाई घेऊन आलं की त्याचं उत्तर ठरलेलं असे. "घाई असंल तर दुसरीकडं जा बाबा." आणि गंमत अशी, की माणूस जात नसे. तिथेच बाकड्यावर बसून राही.

महाडच्या औद्योगिक वसाहतीत एकतीस वर्षं फिटर म्हणून घालवलेला हा माणूस. नट आवळून झाला की त्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायची त्याची खोड. ठिपका नाही म्हणजे काम झालेलं नाही. निवृत्तीनंतर ही खोड घरी आली आणि दिसेल तिथे पिवळं दिसू लागलं. पाण्याच्या पंपावर, पिठाच्या गिरणीवर, बायकोच्या शिलाई मशीनवर. सुंदराबाई म्हणायची, "माझ्या नाकावर तेवढा द्यायचा राहिलाय."

असा माणूस चुकतो तेव्हा छोटी चूक करत नाही.

जीप येसाजीची. येसाजी पोलादपूरच्या वरच्या एका वाडीतला, काशीरामचा चाळीस वर्षांचा दोस्त. वाडीला एसटी नाही. एके काळी ही जुनी उघडी जीपच वाडीची एसटी होती आणि रुग्णवाहिकाही. एकवीस सालच्या पावसात दरड आली, चिखल इंजिनात गेला, आणि गाडी गोठ्यामागे जी बसली ती बसलीच. तिच्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. येसाजीचा मुलगा सुनील मुंबईहून फोनवर सांगे, "भंगारात काढा, बाबा." येसाजी फोन ठेवून देई.

शेवटी काशीरामने ती ओढून आपल्या अंगणात आणली. पत्र्याची शेड घातली आणि चौदा महिने तिच्याखाली पाठीवर पडून काढले. वाडीतल्या दोघातिघांनी येसाजीला ऐकवलंही होतं, एवढी गाडी त्या बौद्धवाडीत कशाला नेऊन टाकलीस, पोलादपुरात काय गॅरेज नाहीत? येसाजी म्हणाला होता, "गॅरेजं हायत. काशीराम नाय." हे बोलणं फिरत फिरत काशीरामच्या कानावर आलं होतं. त्या दिवशी त्याने उतरवलेलं इंजिन पुन्हा एकदा पहिल्यापासून तपासलं.

त्या रविवारी सकाळी सातला येसाजी आणि सुट्टीवर आलेला सुनील जीप घेऊन गेले. इंजिन पहिल्या फटक्यात लागलं. येसाजीने बोनेटवर हात ठेवला आणि नाक पुसलं. पोलादपुरात डोळे तपासायचं शिबिर होतं. वाडीतली आठ म्हातारी माणसं, त्यात येसाजीची बायको ठमाबाई, पावणेअकराला जीपने घाट उतरायला निघणार होती.

सव्वादहाला सुंदराबाईने मशीनचं तेल मागितलं.

इथे दासगावची एक रीत सांगायला हवी. सावित्री नदीचं पाणी वाढतंय अशी हाक आली की इथे माणूस विचार करत बसत नाही. जे हाताला लागेल ते माळ्यावर जातं. पुरात बाटल्यांची लेबलं वाहून जातात, म्हणून काशीरामने सगळी तेलं एकसारख्या पांढऱ्या कॅनमध्ये भरून नावं झाकणांवर रंगवली होती. झाकणं वाहून जात नाहीत, असं त्याचं म्हणणं. आणि माळ्यावर जागा कमी, म्हणून अर्धे अर्धे कॅन एकात ओतायचे, हीसुद्धा इथल्या घराघरातली सवय. गेल्या जुलैत हाक आली तेव्हा काशीरामने तेच केलं होतं. तीन झाकणं काढली, ओतलं, झाकणं लावली, कॅन वर गेले. पाणी अंगणापर्यंत येऊन परत फिरलं आणि सगळे ती गोष्ट विसरले.

आता काशीरामने 'मशीन' असं झाकण असलेला कॅन उघडून बोटावर थेंब घेतला, आणि त्याचं बोट तिथेच थांबलं. वास ओळखीचा होता, पण या कॅनमध्ये तो असायला नको होता. त्याने वाटीभर पाणी घेतलं, त्यात थेंब सोडला. थेंब पाण्यात विरघळून गेला. मशीनचं तेल विरघळत नाही, तवंग होऊन तरंगतं. पाण्यात विरघळतं ते ब्रेक ऑइल.

मग त्याने 'ब्रेक' झाकणाचा कॅन उघडला. परवाच त्यातलं तेल त्याने जीपमध्ये भरलं होतं. थेंब सोडला. पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा पातळ तवंग पसरला.

"काय झालं, बाबा?" शर्मिलाने विचारलं. ती त्याची मुलगी, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. रविवार म्हणून घरी होती.

"पुराच्या घाईत झाकणं अदलाबदल झाली. ब्रेकमधी मशीनचं तेल गेलंय," काशीराम म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला लांबून आल्यासारखा वाटला. "आतली रबरं फुगतात त्यानं. सपाटीला कळत नाय. उताराला गरम झाली का चाकं जाम होतात. नायतर ब्रेकच जातो."

येसाजीचा फोन लागला नाही. सुनीलचाही लागला नाही. वाडीत फोन लागतो तो फक्त शाळेच्या पायरीवर, आणि त्या पायरीवर आत्ता कोण बसणार? शर्मिलाने मोटरसायकलची किल्ली घेतली. "बसा मागे. चालवते मी."

काशीरामने पान्यांची पिशवी खांद्याला अडकवली आणि तो मागे बसला.

महाड सुटल्यावर महामार्गावर एक मोठा ट्रेलर पुढे आला आणि बाजू देईना, तेव्हा काशीरामने त्याला अशा शिव्या घातल्या, की तशा शर्मिलाने आयुष्यात बापाच्या तोंडून ऐकल्या नव्हत्या. पोलादपूरला पोचले तेव्हा अकराला दहा कमी होते. तिथून वाडी नऊ किलोमीटर, आणि शेवटचे पाच म्हणजे नुसती वळणं. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला काही नाही.

घाट लागला तसा काशीराम वळणं मोजू लागला. जीप या वेळी निघाली असेल. पहिल्या उताराला येसाजी ब्रेक दाबेल, पायाला कडक लागेल. तो म्हणेल, नवीन रबरं हायत, कडक असणारच. हे आपणच त्याला सांगितलंय! सकाळी त्याने विचारलं होतं, ब्रेक पायाला जरा कडक का लागतोय रे? आणि आपण हसून म्हणालो होतो, नवी नवरी हाय, रुळंल. काशीरामला ते हसू आठवलं. चौदा महिने जीव ओतला, प्रत्येक नटावर ठिपका दिला, आणि आठ म्हाताऱ्या माणसांना आपल्या हाताने दरीच्या तोंडाशी बसवलं.

"बाबा, हॉर्न ऐकू येतो का बघा," शर्मिला म्हणाली.

हॉर्न नव्हता. इंजिनाचा आवाजही नव्हता. पण सातव्या वळणाआधी वास आला. जळक्या ब्रेकचा, तिखट, घशात बसणारा. तो वास काशीरामने शंभर वासांतून ओळखला असता. "थांबव," तो म्हणाला, आणि गाडी पुरती थांबायच्या आत उतरून धावत सुटला.

वळणापलीकडे जीप रस्त्यात आडवी होती. नाक डोंगराच्या बाजूच्या गटारात, मागची चाकं रस्त्यावर, पुढच्या दोन्ही चाकांतून धूर. डोंगराच्या कडेने म्हातारी माणसं ओळीने बसली होती. काशीरामने मोजली. सात. पुन्हा मोजली. सातच.

"आठवा कुठं हाय?" तो ओरडला. "येसाजी! आठवा माणूस कुठं हाय?"

"आरडू नको," येसाजी गाडीमागून उठत म्हणाला. "कुशाबा झुडपामागं बसलाय. भीतीनं त्याचं पोट बिघडलं."

काशीराम रस्त्यावर बसला. झुडपामागून कुशाबाने खाकरून आपण जिवंत असल्याची खूण दिली, आणि ठमाबाई पदर तोंडावर घेऊन हसली.

येसाजी मात्र हसत नव्हता. सुनील बाजूला मान खाली घालून उभा होता. "ह्यो बघ आमचा मुंबईचा डायवर," येसाजी म्हणाला. "मला म्हणतो, बाबा, मी घेतो. ब्रेकवर पाय ठेवून आला सगळा उतार. जाळला ब्रेक! नशीब, डोंगराकडं तरी वळवली. तू चौदा महिने मेलास, आणि यानं एका उतारात मातेरं केलं."

"मी पाय ठेवला नव्हता, बाबा," सुनील हळूच म्हणाला. "तो आपोआपच—"

"गप ऱ्हा!"

काशीरामला कळलं की आता कुणी काही विचारणार नाही. चूक सुनीलच्या नावावर लागली होती. तो बापाचे दोन शब्द ऐकून घेईल, आठवड्याने मुंबईला जाईल. गाडी परत दासगावला येईल, रबरं बदलली जातील, कॅन नदीत जाईल. वाडीतले ते दोघेतिघे, एवढी गाडी तिकडे कशाला म्हणणारे, त्यांतला एक ओळीत बसलेला होता आणि काशीरामकडे टक लावून पाहत होता. काशीरामला लाज वाटली, आणि भीती वाटली. सकाळपासून वाटत होती तीच, फक्त आता ती स्वतःसाठी होती. मागे शर्मिला येऊन उभी राहिली.

"पोराची चूक नाय," काशीराम म्हणाला. "माझी हाय."

आणि मग त्याने सगळं सांगितलं, मोठ्याने, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं. पुराची हाक, तीन झाकणं, वाटीतला तवंग. "सकाळी येसाजीनं विचारलं पण होतं, कडक का लागतो. मी हसण्यावारी नेलं. तुमच्यातलं कुणी दरीत गेलं असतं तर ते माझ्या हातानं गेलं असतं."

येसाजीने सुनीलकडे पाहिलं, मग जमिनीकडे. ओळीतला तो माणूस तोंडातल्या तोंडात काही पुटपुटला, आणि ठमाबाई त्याला म्हणाली, "तुझं तू बघ." एवढंच.

अडचण अजून संपली नव्हती. म्हाताऱ्यांना न्यायला खालून टेम्पो मागवला तरी जीपने सगळा रस्ता अडलेला. दोन वळणं खाली रुंद जागा होती, तिथपर्यंत ती न्यायलाच हवी होती. काशीरामने चाकांजवळचे निपल, म्हणजे ब्रेकचं तेल बाहेर काढायचे बारके स्क्रू, एकेक करून ढिले केले. तेलाची पिचकारी उडाली, फुगलेली रबरं मागे सरली, चाकं मोकळी झाली. सगळ्यांनी मिळून तिला गटारातून बाहेर ढकललं. आता ब्रेक अजिबात नव्हता. होता तो नुसता हँडब्रेक, आणि फोर व्हीलचा खालचा गिअर, ज्यात ही गाडी माणसाच्या चालीने उतरते. अर्थात तो गिअरबॉक्सही काशीरामनेच उघडून पुन्हा बसवलेला होता.

"एकटा जातो मी," काशीराम स्टिअरिंगवर बसत म्हणाला. "शर्मिला पुढं जाऊन रस्ता मोकळा करंल. गाडीत कुणी बसायचं नाय."

"मी बसतो, काका," सुनील पुढे झाला.

"कुणी म्हणजे कुणी नाय. माझ्या कामाचा आज भरवसा नाय."

येसाजी इतका वेळ डोंगराच्या कडेला काहीतरी शोधत होता. त्याने एक मोठा दगड उचलला, दोन्ही हातांनी, पोटाशी धरून. अडुसष्ट वर्षांचा माणूस, धापा टाकत आला आणि दगडासकट काशीरामच्या शेजारच्या सीटवर बसला.

"येसाजी, उतर."

"गाडी सुटली तर चाकाखाली दगड कोण लावंल?" येसाजी चिडून म्हणाला. "तू स्टिअरिंग सोडून उडी मारणार हायस?"

"अरे, कळत कसं नाय तुला? मी तुला मारलाच होता आज!"

"कळतंय. माझी बायको होती मागं बसलेली." येसाजीने दगड मांडीवर नीट घेतला आणि समोर पाहिलं. "सांगितलंस ना सगळं? आता अजून काय राहिलंय सांगायचं?"

"नाय. एवढंच."

"मग चल."

काशीरामला समोरचं नीट दिसेना. त्याने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले, तेव्हा येसाजीने मुद्दाम दरीकडे तोंड केलं. मग काशीरामने खालचा गिअर टाकला, हँडब्रेक हळूहळू सोडला, आणि जीप त्या दोघांना घेऊन पहिल्या वळणाकडे उतरू लागली.