पंधरा दिवसांची रजा

वीस खाटांच्या त्या दवाखान्यात सगळे तिला मोठ्या सिस्टर म्हणत. धाकट्या होत्या, त्या एकामागून एक शहराकडे निघून गेल्या. तिचं नाव मात्र टिकलं. बाळंतपणं, टाके, इंजेक्शनं, सगळं तिच्याच गळ्यात. डॉक्टर म्हणायचे, "सिस्टर, तुम्ही आजारी पडलात तर दवाखान्यालाच टाळं." ती हसायची. यात गंमत फार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

तिची थोरली बहीण वारली, तेव्हा ती बाळंतपणाच्या खोलीत होती. भावोजींचा फोन शिपायानं घेतला आणि दारातूनच निरोप सांगितला. आत बाळाचे पाय आधी बाहेर येत होते. तिनं मान हलवली, हातमोजे काढले नाहीत. दुपारी बाळ-बाळंतीण सुखरूप सुटली, पण तिच्या जागी उभं राहायला माणूस नव्हतं. ताईला तिच्याविनाच नेलं. मग आज जाईन, उद्या जाईन करता करता तीन वर्षं सरली.

त्या सुमारास सरकारनं लहान दवाखाने सुधारायची योजना आणली. पाहणीला आलेल्या अधिकारी बाईंनी पाण्याची टाकी, औषधांची कपाटं, ओल आलेल्या भिंती, सगळं पाहिलं आणि शेवटी हजेरीपुस्तक मागितलं.

"तुमची शेवटची रजा कधीची?"

तिला आठवेना. बाईंनीच पानं मागे नेली. "चार वर्षं झाली."

"चालायचंच."

"असं कसं चालेल?" बाई म्हणाल्या आणि काहीतरी लिहून घेतलं.

दोन महिन्यांनी बाळंतपणाचं नवं टेबल आलं आणि त्याच योजनेतून पंधरा दिवसांसाठी एक बदली सिस्टरही आली. तरुण पोरगी, बोलायला कमी, कामाला वाघ. पहिला अख्खा दिवस मोठ्या सिस्टर तिच्या मागं मागं फिरत राहिल्या. शेवटी डॉक्टरच म्हणाले, "आता निघा बरं."

ती बसनं ताईच्या घरी गेली. दार भाचीनं उघडलं. "आलीस होय, मावशी," एवढंच म्हणाली आणि हातातली पिशवी घेतली. पिशवीत चार रुमाल होते. रडू येणार, हे धरूनच ती निघाली होती. ताईची खोली पाहिली, चष्मा पाहिला, झिजलेल्या चपला पाहिल्या. डोळे कोरडेच राहिले.

भावोजी खुर्चीत बसले होते. त्यांची पावलं सुजलेली दिसली, तशी ती खाली बसली आणि अंगठ्यानं दाबून पाहिलं. खळगा तसाच राहिला.

"चालताना दम लागतो का?"

"तू मेहुणी म्हणून आलीस की नर्स म्हणून?"

"मला दुसरं काही येत नाही, भावोजी."

त्यांनी पाऊल मागं घेतलं नाही. मग म्हणाले, "शेवटी विचारत होती, धाकटी आली का. मी म्हटलं, वाटेत आहे."

"बरं केलंत."

भूल दिलेल्या बोटाला टाका घालताना सुई कळते, दुखत नाही. तसं काहीसं झालं.

पुढचे चार दिवस ती झोपून होती. भाची जेवायला उठवायची, की पुन्हा झोप. पाचव्या दिवशी ती भावोजींना तपासायला घेऊन गेली. हृदय थकलं होतं, औषधं सुरू झाली, आठवड्यात सूज उतरली. ताईचे कपडे भाचीनं आणि तिनं मिळून आवरले. निघताना भाची म्हणाली, "आईनं तुझ्यावर राग नव्हता धरला." ती बरं म्हणाली.

परतली तेव्हा दवाखाना जागच्या जागी होता. बदली सिस्टर म्हणाली, "मी इथल्याच जागेसाठी अर्ज केलाय. राहायला खोली देतायत."

"शहर सोडून?"

"तिकडे मला कोण विचारतंय?"

चार महिन्यांनी तिची नेमणूक झाली. तेव्हापासून मोठ्या सिस्टरना गुरुवारी सुटी असते. कधी त्या भावोजींची औषधं बघून येतात, बहुतेकदा झोपतात. रडू अजून आलेलं नाही. डॉक्टरांनी एकदा विचारलं, "आता बरं वाटतं ना?"

तिनं जरा विचार केला. "झोप लागते," म्हणाली आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.