दत्तानं औषध मारलं होतं का?

दत्ता गेल्याची बातमी मला आमच्या द्राक्षवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळली, आणि मी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. त्या ग्रुपवर एरवी ढगांचे फोटो, भाव पडल्याच्या बोंबा आणि कुणीतरी कुठूनतरी ढकललेले हवामानाचे अंदाज असतात. मागे याच ग्रुपने पारगावकडच्या एका चांगल्या चालत्याबोलत्या माणसाला हार घातला होता. तो बिचारा दोन दिवस 'मी हाय अजून' असं सांगत फोन उचलत होता. त्यामुळे दत्ताचा हसरा फोटो आणि खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' असं बघून मी सरळ दत्तालाच फोन लावला. रिंग गेली, फोन उचललाही गेला. मी म्हणालो, "काय राव, तुला मारला की ग्रुपवर!" फोन दत्ताने उचललेला नव्हता. त्याची मुलगी मेघना "रशीदकाका..." एवढंच म्हणाली. मी दुकानातल्या स्टुलावर बसलो. समोरचं गिऱ्हाईक काहीतरी मागत होतं, मला ऐकू येत नव्हतं.

दहाव्याला नदीवर गेलो. आमच्याकडे दहाव्याला प्रवचन होतं आणि मग पुढाऱ्यांची भाषणं. गेलेल्या माणसाबद्दल त्या दिवशी सगळे इतकं चांगलं बोलतात की आपण चुकून भलत्याच्या दहाव्याला आलोय की काय, असं वाटावं. एक पुढारी म्हणाले, हवामान बदललं म्हणून रडत न बसता दत्ताभाऊंनी आंतरप्रवाही औषधाचा थेंबही न वापरता वाइनची द्राक्षं पिकवून दाखवली. आंतरप्रवाही म्हणजे झाडाच्या अंगात भिनणारं. ते पावसाने धुतलं जात नाही, आणि फळातूनही लवकर जात नाही. लोकांनी माना डोलावल्या. दोघातिघांनी माझ्याकडे हसून पाहिलं, कारण माझं मंचरला शेतीऔषधांचं दुकान आहे आणि दत्ता माझा जुना मित्र. मी मात्र मान डोलावली नाही. हीच गोष्ट मेघनाने त्यांच्या वायनरीच्या प्रत्येक बाटलीवर छापलेली आहे, त्या शब्दावरच त्यांचा माल जातो, आणि हा शब्द खोटा असावा अशी शंका मी कैक वर्षं मनात बाळगून होतो. ज्याच्यावर जीव होता त्याच्याच दहाव्याला मी असा उभा होतो.

शंका हा आमच्या दोघांचा समान धागा. दत्ता पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा त्याने बाटली हातात घेऊन उन्हात धरली, हलवली, झाकणाला नाक लावलं आणि विचारलं, "ही खरी कशावरून?" बाकीचे शेतकरी असं विचारत नाहीत, शेजाऱ्याने काय नेलं तेवढं विचारतात. मला तो माणूस तिथेच आवडला. नेलेलं औषध तो आधी एकाच ओळीवर मारून बघायचा आणि आठवड्याने येऊन सांगायचा, "तुझं औषध बरं निघालं, तुझ्या मानानं." लोणीच्या पुढे त्यांची मुरमाड चढाची जमीन. वडील तिथे बाजरी पेरायचे. दत्ताने द्राक्षं लावली, पुढे खायच्या द्राक्षांऐवजी वाइनची लावली, आणि शेवटी बागेच्या कडेलाच पत्र्याचं मोठं शेड घालून छोटी वायनरी काढली. कामाला तो, त्याची बायको शालनवहिनी, आणि शिकून परत आल्यावर मेघना. मी दारूला शिवत नाही. त्यामुळे दरवर्षी तोडणी सुरू झाली की पहिल्या दिवसाचा ताजा रस, आंबायच्या आधीचा, माझ्या घरी कॅनमधून यायचा. "तुझ्या धर्माला चालंल असा माझा एवढाच माल हाय," असं म्हणायचा.

मग एका वर्षी त्याची एक टाकी आंबेना. द्राक्षं चिरडून रस टाकीत भरला, यीस्ट घातलं, की एकदोन दिवसांत तो फसफसायला लागतो. ही टाकी गप्पच. दत्ताने आधी यीस्ट पाठवणाऱ्यांवर संशय घेतला, मग विजेवर, मग चुलतभावावर. शेवटी रस तपासून आणला तेव्हा त्यात बुरशीच्या औषधाचा अंश निघाला. त्या वर्षी दिवाळी होऊन गेली तरी पाऊस हटला नव्हता आणि त्याने फवारण्यांवर फवारण्या केल्या होत्या. तो दुकानात आला, काउंटरवर कोपर टेकून म्हणाला, "रशीद्या, तुझं औषध लई इमानदार हाय रं. टाकीत गेलं तरी काम करतंय. यीस्ट बी बुरशीच की!" मी हसलो, पण तो हसत नव्हता. "पाऊस आला की फवारा, फवारलं की पाऊस. आभाळ बदललंय राव, आन मी नुस्ता औषधाचा जोर वाढवत बसलोय. किती वाढवू?" मग त्याने माझा हात धरला. "हितून पुढं आंतरप्रवाही बंद. मोरचूद-चुन्याचं बोर्डो तेवढं मारीन, ते पानावरच ऱ्हातं. मी कधी मागाय आलो, पाया पडलो, तरी देऊ नको. शब्द दे." मी शब्द दिला. खरं सांगायचं तर तो गेल्यावर माझ्या मनात पहिलं हेच आलं, की याला नारायणगावला कुणीतरी स्वस्त दुकानदार भेटलाय आणि हा मला गोडीत कटवतोय.

म्हणून पुतण्याच्या लग्नाची पत्रिका द्यायचं निमित्त काढून मी लोणीला गेलो. बागेत शिरलो. वेलींच्या ओळींमध्ये गुडघाभर गवत, बुडाशी पारगावकडून आणलेल्या उसाच्या पाचटाचा थर, द्राक्षांचा चोथा कुजत टाकलेला. आमच्याकडे बागेत गवत दिसलं की लोक समजतात, घरात काहीतरी बिनसलंय. शिवाय अर्धी बाग छाटलेली आणि अर्धी तशीच. आम्ही एकदा कात्री घेतली की सगळी बाग एका दमात छाटतो. दत्ता तीन तुकड्यांत, मध्ये दिवस सोडून छाटायला लागला होता. म्हणजे फुलोरा एकाच वेळी येणार नाही, आणि पाऊस आला तरी एकाच तुकड्याला गाठेल. हे त्याने मला नंतर सांगितलं. त्या दिवशी मी पत्रिका खिशातच ठेवून शेडच्या मागे गेलो, रिकाम्या बाटल्या सापडतात का ते बघायला. तिथे कर्दळीचा हिरवागार वाफा होता. टाक्या धुतलेलं पाणी त्यात सोडून, निवळून, परत ठिबकला घेत होते. मी वाकून कर्दळीत हात घालून बघतोय तोच मागून आवाज आला, "काय सापडलं का?" दत्ता कधीपासून उभा होता देव जाणे. "पंपाच्या खोलीत बी बघ, कुलूप न्हाई," म्हणाला. आणि मी बघितलं, त्याच्यादेखत!

पहिली दोन-तीन वर्षं माल कमी निघाला. लोक हसले. मेघना पुण्यामुंबईच्या गिऱ्हाइकांना बागेतून फिरवायची, गवत दाखवायची, आणि ते गवताचे फोटो काढायचे. दत्ताला तेही संशयास्पद वाटायचं. "गवताचा फोटू कशाला काढत्यात रं?" तो मला विचारायचा. पण हळूहळू ते लोक परत परत यायला लागले, आणि याच सुमारास मेघनाने तो शब्द बाटलीवर छापला. दत्ताचं म्हणणं होतं, एवढ्यात नको. तिने ऐकलं नाही.

लगेच पुढच्या हंगामात तो पाऊस आला. आधी छाटलेला तुकडा ऐन फुलोऱ्यात आणि वरून रोज झड. डावणी म्हणजे पानाच्या खाली पांढरी बुरशी, ती घडावर गेली की घड हाताशी लागत नाही. त्या दिवसांत माझ्या दुकानात उभं राहायला जागा नव्हती. त्या गर्दीत दत्ता आला. दाढी वाढलेली, पायाला चिखल. सगळ्यांच्या मागे थांबला, दुकान रिकामं झालं तेव्हा पुढे आला आणि खाली बघून म्हणाला, "एक बाटली दे." कुठली, ते मी विचारलं नाही. माझ्या पाठीमागच्या फळीवर त्या औषधाची खोकी त्याला दिसतील अशी लावलेली होती. मी म्हणालो, "संपलंय." त्याने फळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "संपलंय व्हय," म्हणाला आणि निघून गेला. मला वाटलं हा मला आजमावायला आला होता. संध्याकाळपर्यंत मी त्याच खुशीत होतो. मग नारायणगावच्या एका दुकानदाराचा फोन आला. "तुमचा दत्ता आज आमच्याकडं आला व्हता. तुमचं काय वाजलं का?" त्याने काय नेलं, ते मी विचारलं. त्याच औषधाची एक बाटली, असं तो दुकानदार म्हणाला.

त्या वर्षी आजूबाजूच्या बागा बसल्या. दत्ताचा पहिला तुकडा गेला, दुसरा निम्मा गेला, तिसरा वाचला. दत्ता सांगायचा, तो उशिरा छाटला म्हणून वाचला, आणि घरच्या सगळ्यांनी घडांभोवतीची पानं हाताने खुडून वारा खेळता ठेवला म्हणून. लोक ऐकायचे, मान हलवायचे. मीही हलवली, पण मनात म्हटलं, पानं खुडून डावणी थांबत असती तर माझं दुकान कधीच बंद पडलं असतं. त्या वर्षी रसाचा कॅन आला तेव्हा मी आधी वास घेतला. वासावरून काही कळत नाही हे मला ठाऊक होतं, तरी घेतला. त्याला विचारावं असं अनेकदा ओठांवर आलं. पण विचारलं आणि तो 'हो' म्हणाला तर पुढे आम्ही बोलायचं काय? म्हणून आम्ही हवामान खात्यावर बोलत राहिलो, त्याच्यावर तर दोघांचाही विश्वास नव्हता. तो दर हंगामाला यायचा, बसायचा, चहा प्यायचा, मोरचूद न्यायचा. त्या फळीकडे परत कधी बघितलं नाही त्याने, आणि तेही मला खटकायचं.

दहाव्यानंतर महिनाभराने मेघनाचा फोन आला. "काका, जरा घरी येता का? आत्ता." आवाज विचित्र होता. गेलो तर ती बाहेरच उभी. तिने मला आत नेलं आणि टेबलावरच्या एका बाटलीकडे बोट केलं. वडिलांच्या कपाटात, स्वेटरच्या मागे सापडली होती. लेबल बघूनच मी ओळखली. "बाबांनी मारलं होतं का हे?" ती म्हणाली. "मी छापते ते खोटं आहे का? आई काही बोलत नाही. तुम्ही तरी खरं सांगा." पोरगी बापावर संशय घेत होती, आणि तो संशय तिला झेपत नव्हता. मला तो झेपून किती वर्षं झाली होती!

मी बाटली उन्हात धरली. झाकणाखालची कडी बोटाने फिरवून बघितली. एकदा झाकण फिरलं की ती कडी तुटते, ती नंतर कुणाला जोडता येत नाही. कडी शाबूत होती. बाटली उलटी केली, दाबली, बुडाला सुईचं भोक आहे का तेही बघितलं. औषध गळ्यापर्यंत भरलेलं होतं, मुदत कधीच संपलेली. "फोडलेली न्हाई," मी म्हणालो. मेघना खुर्चीत बसली आणि तोंड झाकून रडायला लागली. मी तोवर विचार करत होतो, दोन घेतल्या असतील का? पण नारायणगावच्या त्या दुकानदाराने एकच सांगितली होती. मला लाज वाटली आणि तरीही मी तो फोन मनात पुन्हा ऐकून खात्री करून घेतली. स्वभावाला काय करणार...

शालनवहिनी दारात येऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "रोज सकाळी काढायचे बाटली. वट्यावर बसून आभाळाकडं बघायचे. आन म्हणायचे, आजचा दिस बघू, उद्या मारू. उद्या उद्या करत हंगाम सरला."

"मग मला का सांगितलं नाही त्यानं?" मी विचारलं. आवाज चढला होता माझा. "एवढी वर्षं वहिनी! मी काय काय समजत होतो!"

"तुमालाच तर सांगायचं नव्हतं," त्या म्हणाल्या. "माझ्याकडनं शपथ घेतली व्हती. म्हणायचे, रशीदनं हातचा धंदा सोडला पण मला दिलेला शब्द पाळला. आन मी त्याला सोडून दुसऱ्याच्या दुकानातनं बाटली आणली. त्याला कळलं तर त्याच्या जिवाला लागंल."

मेघनाने पाणी आणून दिलं. बाटलीचं काय करायचं, असं तिने विचारलं, आणि मुदत संपलेल्या औषधाचं काय करायचं ते सांगणं हा तर माझा धंदाच आहे. पण मी ती बाटली पुसली आणि होती तिथेच, कपाटात त्याच्या स्वेटरमागे ठेवली. तिच्यावर नारायणगावच्या दुकानाचा शिक्का होता. तो मात्र दत्ताने नखाने खरवडून पुसट केलेला होता.