सुखदेवभाऊंचा खोटा काटा

सुखदेवभाऊ मशीन तपासायला आले की आधी चहा मागत. लोकांना वाटे, मिस्त्री चहाबाज आहे. खरं कारण वेगळं होतं. लोडरच्या गिअरबॉक्समधलं तेल तापायला वेळ लागतो, आणि तेल तापल्याशिवाय भाऊ प्रेशर बघत नसत. कोणी घाई केली की म्हणत, "थंड्या तेलावर समदेच पयलवान असतात. तापू द्या, मंग पाहू कोनाच्या अंगात किती जोर हाय."

शेलूबाजारला हायवेला लागून त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. अंगात खाकी शर्ट आणि वरच्या खिशात पितळी कडेचं प्रेशर गेज. चष्म्याची जागा गेजने घेतल्यामुळे चष्मा कायम हरवलेला. मी जवळच्या लाकूड डेपोत सागाचे ओंडके उचलणारा लोडर चालवतो. तेव्हाही तोच चालवायचो.

भाऊंची एक पद्धत मला फार आवडायची. गेज लावलं की ते काट्यावर तळहात ठेवत आणि ऑपरेटरला म्हणत, "आधी तू सांग." आपण अंदाजाने आकडा सांगायचा, तो ते खडूने टायरवर लिहीत, आणि मगच हात काढत. आमच्याकडे प्रेशर किलोत सांगतात. मी एकदा म्हणालो, "भाऊ, काटा असताना मले कायले इचारता?" तर म्हणाले, "दिवसभर तिच्यावर तू बसतं. काटा तर आताच आला. त्याले काय माईत?" माझा आकडा बहुतेक वेळा जुळायचा, आणि त्याचा मला जरा माजही होता.

एका उन्हाळ्यात लोडर घसरायला लागला. म्हणजे चिमट्यात जड ओंडका धरला की इंजीन नुसतं ओरडायचं आणि चाकं जागची हलायची नाहीत. भाऊंनी येऊन पाहिलं, मी त्या दिवशी नेमका रजेवर होतो. प्रेशर बरोबर आहे, असं सांगून ते गेले. महिनाभरात घसरणं वाढलं. आमच्या ठेकेदार शेठचा हिशोब सरळ होता. "मशीन चांगली हाय म्हनजे चालवनाराच खराब. भाऊ पुन्हा एक डाव पाहून घेतील. प्रेशर बरोबर निघालं, तर उद्यापासून तू येऊ नोको."

मुलीचं नाव नुकतंच शेलूबाजारच्या शाळेत घातलं होतं. त्या सकाळी मी न जेवताच डेपोवर गेलो, हे आता सांगायला हरकत नाही.

भाऊ आले. चहा झाला. चाकांपुढे ओंडके लावले, तेल तापलं, गेज लागलं. "आधी तू सांग."

"तेरा," मी म्हणालो. पाहिजे होतं सतरा.

त्यांनी टायरवर तेरा लिहिलं आणि हात काढला. काटा अगदी सतरावर. शेठ ऑफिसकडे वळला. मीही खाली उतरलो.

भाऊ मात्र टायरवरच्या तेराकडे बघत उभे होते. मग त्यांनी पेटीतून फडक्यात गुंडाळलेलं दुसरं गेज काढलं. कोरं, तपासणीच्या दाखल्यासकट आणलेलं, अजून न वापरलेलं. दोन तोंडांची नळी जोडून दोन्ही गेजं शेजारी शेजारी लावली. जुनं म्हणे सतरा, नवं म्हणे तेरा.

"शेठ," त्यांनी हाक मारली, "जरा इकडं या. पोट्ट्याचं काई चुकलं नाई. चुकी माही हाय."

शेठ म्हणाला, "गेज हाय, बिघडते. तुमची काय चुकी?"

"आपोआप बिघडलं नाई. मागच्या डावाच्या आधी हे माह्या हातातून पडलं होतं. म्या पुसलं अन् खिशात टाकलं. कोनाले सांगतलं नाई."

डेपोतली दहाबारा माणसं ऐकत होती. तालुकाभर ज्याचा शब्द चालायचा, तो माणूस भर उन्हात हे बोलला. मला रडू आलं, आणि मी ते धुळीवर ढकललं. पुढे प्रेशर व्हॉल्व्हमधली स्प्रिंग मेलेली निघाली. ती बदलली आणि लोडर पुन्हा हत्तीसारखा चालू लागला.

जुनं गेज भाऊंनी गॅरेजच्या दारातच टांगलं. कोणी विचारलं की सगळी हकिगत सांगत, अगदी आनंदाने. गिऱ्हाईक तुटेल असं आम्हाला वाटलं होतं. उलट लोक गेज बघायला थांबत, आणि थांबले की चहा आलाच.

दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी असहकार पुकारला तेव्हा त्यांनी गॅरेज बंद केलं आणि ते किन्हीराजाला आपल्या गावी गेले. निघताना चांगलं गेज माझ्या हातात दिलं. खोटं त्यांनी दारातून काढून पिशवीत ठेवलं.

"ते काहून नेता, भाऊ? काय कामाचं?"

"ते माहं हाय," ते म्हणाले.

मागच्या आठवड्यात ते चांगलं गेज माझ्या हातातून निसटून फरशीवर पडलं. आजूबाजूला कोणी नव्हतं. उचललं, पुसलं. काच शाबूत होती, काटा शून्यावर होता. हात खिशाकडे गेलासुद्धा. मग मी मोबाइल काढून किन्हीराजाला फोन लावला.

"भाऊ, पडलं."



"बरं केलं सांगतलं," ते म्हणाले. "जेवला का?"