सोमवारची गोळी

आमच्या बिल्डिंगच्या गेटपाशी चांदीप गावची एक बाई भाजी घेऊन बसते. नाव मी कधी विचारलं नाही. अंगाने भरलेली, तोंड सुजल्यासारखं. पूर्वी टोपली एकटी डोक्यावर घ्यायची, आता वॉचमनला हाक मारते. तो नसला की भिंतीला टेकून वाट बघते. टोपली उचलता येईना तर धंदा कसा करणार?

मला वाटायचं, दाबून खात असेल. एकदा तोंडावरच म्हटलं, "जेवण कमी कर गं."

मेथीवर पाणी शिंपडत ती म्हणाली, "आजी, वजन उतरावं म्हणून सोमवार, गुरुवार, शनिवार नुसतं पानी पिते. तरी फुगतेच. थायरॉईड हाय ना."

मला शंका आली. थायरॉईडची गोळी मीही घेते, सकाळी उपाशीपोटी.

"गोळी रोज घेतेस ना?"

"उपासाला कशी घेऊ? पोटात गेली की उपास मोडला."

"गोळी म्हणजे काय वडापाव आहे? डॉक्टर काय म्हणाले?"

"रोज घे म्हनाले. उपासाचं त्यांनी विचारलं नाय."

मी सांगितलं, पाणी पितेस त्याच पाण्याबरोबर गोळी घे, आणि हे उपास डॉक्टरांच्या कानावर घाल. ती मेथीच्या जुड्या लावत राहिली. मला वाटलं, ऐकणार नाही.

पुढच्या सोमवारी मला बघून तिनेच हाक मारली. "घेतली, आजी. आता सांगा, आज माझा उपास हाय की नाय?"

मी मेथीची जुडी उचलली आणि घरी आले. मला अजून सांगता आलेलं नाही.