चित्रातला लोखंडी दरवाजा

सलूनमध्ये माझ्या आधी एकच गिऱ्हाईक होतं, सत्तरीचे, ताठ बसलेले एक काका. टेबलावरच्या ढिगातून त्यांनी आरमारी लढायांचं जुनं कॉमिक उचललं. तोफा, टॉर्पेडो, पेटलेली जहाजं, कशावरच त्यांची नजर ठरेना. मग एका चित्रावर त्यांचं बोट थांबलं. जहाजात पाणी घुसलंय आणि एक खलाशी जिवाच्या आकांताने लोखंडी दरवाजा लावतोय.

"पलीकडे कोण अडकलंय, ते काढलंच नाही," ते मला म्हणाले. "नेव्हीत होतो मी. पाणी शिरलं की दरवाजा लावायचा, आत कोण राहिलं ते बघायचं नाही. दर आठवड्याला सराव. मी दरवाजा लावला की आमचा साळुंखे पलीकडून मुद्दाम दार बडवायचा. उघड रे, उघड! आम्ही हसायचो."

"खरंच वेळ आली कधी?"

"नाही आली. पण मी लावला असता." ते सावकाश म्हणाले. "साळुंख्यालाही ते ठाऊक होतं."

शौर्य म्हणजे छातीवर गोळी झेलणं, एवढंच मी आजवर समजत आलो. ओळखीची हाक ऐकू येत असताना हात थांबू न देणं, हे कुणी कसं रंगवायचं?

त्यांचा नंबर लागला. मी कॉमिक हातात घेतलं. पुढच्या पानावर जहाज वाचलं होतं, सगळे टोप्या उडवत होते. मी पुन्हा मागच्या पानावर आलो. प्रत्येक तोफेपाशी ठळक अक्षरांत 'धडाम' लिहिलं होतं. दरवाज्यापाशी कसलाच आवाज लिहिलेला नव्हता.