छपरी मोजणीत धरली नाही

मी जहाजं मोजतो असं सांगितलं की आमच्या तांड्यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो : एवढा मोठा काटा कुठं असतो? कापसाची गाडी काट्यावर चढताना पाहिलेल्या माणसांनी हे विचारणं रास्तच आहे. सुरुवातीला मी समजावून सांगायचो. जहाजाचं टनेज म्हणजे वजन नव्हे, जागा. चारी बाजूंनी बंद अशी जागा जहाजात किती आहे ते मोजायचं, ठरलेल्या सूत्रात घालायचं, येईल तो आकडा त्याच्या नावे नोंदवायचा. ऐकणारे मान डोलवायचे आणि शेवटी पुन्हा काट्यावर यायचे. मग मी समजावणं सोडलं.

बाला मात्र ते एका बैठकीत कळलं. बा म्हणजे माझे वडील. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडायचे. बाने स्वतः कधी बैल लादला नाही. जन्मभर फुलसावंगीजवळच्या आमच्या शेतात कापूस पेरला. पण गोणीच्या गोष्टी त्याने त्याच्या आजाकडून ऐकल्या होत्या. तो म्हणाला, "म्हंजे गोणी केवढी हाय ते पाहाचं. तिच्यात मीठ भरा का रुई भरा, ते ज्याचं त्यानं पाहावं." बोलला तो आमच्या गोरबोलीत, म्हणजे बंजारा बोलीत; बाहेरच्यांशी तो वऱ्हाडी बोलतो, म्हणून मी तसं लिहिलं. एवढं सोपं करून मला शिकताना कोणी सांगितलं नव्हतं.

या कामात सगळी गंमत बंद आणि उघड्या जागेत आहे. वर छत आहे पण बाजू उघडी, वारा-पाणी सरळ आत येतं, अशी जागा मोजणीत धरायची नाही, असा नियम. बंदराचं शुल्क टनेजवर लागतं, त्यामुळे मालकांना अशा जागा फार प्रिय. पण नियमाला पुढे एक शेपूट आहे. त्या उघड्या जागेत सामान ठेवायला फळी ठोकलेली असली, किंवा सामान बांधून ठेवायची दुसरी काही सोय असली, तर ती जागा धरायची. कारण जिथे फळी आहे तिथे कोणीतरी काहीतरी ठेवतंच.

या शेपटापायी मी पुष्कळांच्या शिव्या खाल्ल्या आहेत. एकदा एका मालवाहू जहाजावर मागच्या उघड्या जागेत भिंतीला चार भोकं दिसली. भोवतीचा रंग ओला होता. मी येणार म्हणून फळी काढून ठेवली होती, मी गेल्यावर पुन्हा लागणार होती. जहाजावरचा अधिकारी अजिजीने म्हणाला, "साहेब, फळीच तर आहे." मी ती भोकं वेल्डिंगने बुजवल्याशिवाय कागदावर सही केली नाही. घरी येऊन हा किस्सा मी तिखटमीठ लावून सांगितला होता. बा हसला नाही. "ठेवू द्याचं होतं त्याले," एवढंच म्हणाला.

तर असा मी, नजरेतून फळी न सुटणारा माणूस.

आई गेल्यानंतर तिसऱ्या वर्षी आम्ही दोघा भावांनी घराची वाटणी करायचं ठरवलं. भांडण नव्हतं. धाकटा भाऊ तांड्यावरच राहतो, शेती तोच पाहतो. त्याला आपला भाग पाडून पक्कं बांधायचं होतं, आणि त्यासाठी कागद वेगळे हवे होते. घर मोजायला अर्थातच मी. एवढी मोठी जहाजं मोजणाऱ्याला चार खोल्यांचं काय, असं सगळ्यांनाच वाटलं, मला तर जास्तच.

मी माझी पोलादी टेप घेऊन आलो. दुसरं टोक भावाने धरलं. एका ओळीत चार खोल्या, मागे स्वयंपाकघर आणि अंगण. सगळ्यात शेवटची खोली कापसाने अर्धी भरली होती, तिथे आम्ही कापसावर चढून भिंती मोजल्या आणि लहानपणासारखे घसरून खाली आलो. सकाळचं काम दुपारपर्यंत संपलं. मी नकाशा काढला. भावाला दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, मला दोन खोल्या आणि मागचं अंगण. मधली भिंत कुठून जाईल ती रेघ लाल पेनाने ओढली. माझा नकाशा चांगला असतो, हे मी नम्रता बाजूला ठेवून सांगतो.

दुपारी चारला ग्रामसेवक आले, तांड्याचे नायक आले. सगळे घरापुढच्या छपरीत बसले. छपरी म्हणजे काय, मागे घराची भिंत, वर टिनं, पुढे लाकडाचे तीन खांब, तिन्ही बाजू उघड्या. आई गेल्यापासून बाची खाट तिथेच असते. आत जीव गुदमरते म्हणतो. मी नकाशा वाचून दाखवला. नायकांनी मान हलवली. ग्रामसेवकांनी कागद बापुढे सरकवला.

बाने चष्मा लावला. कागद बराच वेळ पाहिला. मग खाटेवर हात ठेवून विचारलं, "हे कोनाच्या वाटनीत आलं?"

मी नकाशा पाहिला. छपरी मी काढली होती. तुटक रेघांनी. आत आकडा नव्हता.

"बा, ते उघडं हाय न," मी म्हणालो. "उघडी जागा धरत नाही मोजनीत."

हे मी खरोखरच बोललो. वीस वर्षं जे वाक्य कप्तानांना ऐकवलं तेच, त्याच आवाजात. आणि बोलता बोलता माझं लक्ष लाल रेघेकडे गेलं. ती पुढे वाढवली तर बाच्या खाटेवरून, उशाला आणि पायथ्याला अलग करत जात होती.

भाऊ घाईने म्हणाला, "भाऊ, ते दोघायचंच समजा न."

"दोघायचं म्हंजे कोनाचंच नाही," बा म्हणाला. रागाने नाही. पाऊस आला नाही म्हणावं तसं. "ठीक हाय. सही कुठी करू?"

तेव्हा मला खाटेच्या वरची फळी दिसली. सागाची, दोन लोखंडी कोनांवर ठोकलेली. ती फळी मी लहानपणापासून पाहत होतो, आणि सकाळपासून तिच्याखालून दहा वेळा गेलो होतो. तिच्यावर बाच्या गोळ्यांचा डबा असायचा, चष्म्याचं घर, रेडिओ, आईचा फणीकरंडा. आता तिच्यावर काही नव्हतं. धुळीत डब्याचा गोल तेवढा उमटलेला होता. मी वाकून पाहिलं. खाटेखाली कापडी पिशवी होती, तोंडापर्यंत भरलेली, वर रेडिओचा कोपरा दिसत होता. आम्ही दोघे मागे कापसावर चढत होतो तेव्हा त्याने ती भरली असणार.

"हे कायले भरलं बा?" मी विचारलं.

"तुमची भिंत कुठून येते काय मालूम. ज्याच्याकडं म्हनान त्याच्याकडं जाईन."

मला लाज वाटली. दुसरा कुठला शब्द नाही. परक्या जहाजावरची काढून टाकलेली फळी मला ओल्या रंगावरून कळते, आणि जिच्याखाली माझा बाप झोपतो ती मी धरली नव्हती.

मी कागद परत घेतला. ग्रामसेवकांना म्हटलं, थोडं थांबा, चुकलं. टेप काढली. भावाने न सांगता दुसरं टोक धरलं. लांबी घेतली, रुंदी घेतली. टेप खाटेखालून जाताना बाने पाय वर घेतले. नायक उठून छपरीबाहेर उभे राहिले. लाल रेघ मी छपरीपाशी एका अंगाला वळवली, छपरी अख्खी एकीकडे येईल अशी. अंगणातला काही भाग भावाला देऊन मेळ घातला. छपरी माझ्या नावे झाली. आत आकडा लिहिला.

"किती भरली?" बाने विचारलं.

मी सांगितलं. त्याने तो आकडा एकदा स्वतःशी म्हटला आणि सही केली.

दोन दिवसांनी मी नोकरीवर परतलो. छपरी माझी, पण बाची भाकर भावाकडची. हे काही कुठल्या नकाशात बसत नाही. भाऊ सांभाळतो, चांगला सांभाळतो. मी दर आठवड्याला फोन करतो, आणि बाचं बोलणं झालं की भावाला विचारतो, फळीवर काय काय आहे.

डबा आहे, चष्म्याचं घर आहे, रेडिओ आहे, तो सांगतो. फणीकरंडा मात्र बा अजून पिशवीतच ठेवतो.